नटाची मुद्रा आणि लोकांची स्मृति

नटाला भूमिकेचें नांव मिळणें ही गोष्ट आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल असें आपल्या मनांत येत नाहीं. अरुण गोविल म्हणजे राम, अरविंद त्रिवेदी म्हणजे रावण, बाळ कर्वे म्हणजे गुंड्याभाऊ, हीं समीकरणें घरोघर पाठ आहेत. सुशिक्षित मनुष्य या प्रकाराकडे पाहून किंचित् हंसतो. सोंग आणि सोंग घेणारा यांतील भेद सामान्य प्रेक्षकाला कळत नाहीं, असें त्याचें मत असतें. हें मत तपासून पाहण्यासारखें आहे. मला असें वाटतें कीं, वरवर एकच दिसणाऱ्या या गोष्टींत वस्तुतः दोन प्रकार आहेत. एकांत भूमिका नटाला चिकटते. दुसऱ्यांत नट भूमिकेला चिकटतो. पहिल्यांत नटाची हानि होते, दुसऱ्यांत इतिहासाची. दोहोंचीं कारणें निराळीं आहेत, आणि प्रेक्षकांचा भोळेपणा हें त्यांपैकीं कशाचेंहि मुख्य कारण नव्हे.

या विचाराला धाराशिव जिल्ह्यापासून आरंभ करणें सोयीचें आहे. २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत तुळजापूरच्या भवानीमुळें गोंधळाची परंपरा अद्यापि जिवंत आहे. शिवाय तेरचे गोरोबाकाका आणि खुद्द भवानी या दोघांनाहि काळाच्या ओघांत पडद्यावर यावें लागलें आहे. गोंधळांत संबळ, तुणतुणें आणि दिवटी एवढ्याच साहित्यावर नाईक सारी रात्र उभी करतो. आख्यान रंगांत आलें म्हणजे तोच राजा होतो, तोच राणी होतो आणि घटकाभरानें दारावरचा शिपाईहि तोच होतो. अंगावरचा झगा व गळ्यांतील कवड्यांची माळ मात्र बदलत नाहीं. उजाडल्यावर त्याला कोणी राजा म्हणत नाहीं कीं राणी म्हणत नाहीं. तो गोंधळीच असतो. बहुरूप्याची तर सारी कमाईच सोंग ओळखलें जाण्यावर अवलंबून असते. तो फौजदार होऊन दारांत दरडावतो तेव्हां लोक आधीं फसले पाहिजेत आणि मग हंसले पाहिजेत, तरच त्याच्या पदरांत कांहीं पडतें. नवरात्राच्या शेवटीं होणाऱ्या लळितांतहि एकामागून एक सोंगें येतात व जातात. सोंग हें सोंग आहे, हें ओळखण्याचें शिक्षण आपल्या खेड्यांतील प्रेक्षकाला असें कित्येक शतकें मिळत आलेलें आहे. तेव्हां हाच प्रेक्षक दूरदर्शनच्या पेटीसमोर बसतांच एकाएकीं तो भेद विसरला, असें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबलें पाहिजे.

मराठी रंगभूमीचा इतिहासहि हेंच सांगतो. शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं आगरकरांच्या ‘विकारविलसित’ नाटकांत, म्हणजे शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या मराठी अवतारांत, जी भूमिका केली तिची कीर्ति पुढें कित्येक वर्षें टिकली; परंतु गणपतरावांना कोणी त्या पात्राच्या नांवानें हांक मारली नाहीं. बालगंधर्व १९११ सालीं ‘मानापमाना’त भामिनी झाले, १९१६ सालीं ‘स्वयंवरा’त रुक्मिणी झाले आणि १९१९ सालीं ‘एकच प्याला’ नाटकांत सिंधु झाले. त्यांच्या लुगड्यांची व अलंकारांची नक्कल घरंदाज स्त्रियांनीं केली, इतका त्या भूमिकांचा पगडा होता. तरीहि लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें बालगंधर्वांचेंच. याचें कारण उघड आहे. नाटकमंडळी गांवीं मुक्कामास आली म्हणजे एकच नट आज एक व उद्यां दुसरी भूमिका करी. काल भरजरी शालू नेसलेली भामिनी आज फाटक्या लुगड्यांत सिंधु होऊन दळावयास बसे. दोन्ही रूपें पाहणाऱ्याच्या मनांत त्या दोहोंना जोडणारा दुवा एकच असे, आणि तो म्हणजे नट स्वतः. भूमिका अनेक असल्या म्हणजे नटाचें नांव आपोआप टिकतें.

चित्रपटानें हें गणित हळूहळू बदललें. आरंभीं तेंहि बदललें नव्हतें. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत दत्तात्रय दामोदर दबके हे हरिश्चंद्र झाले व अण्णा साळुंके हे तारामती झाले. पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत याच साळुंक्यांनीं राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच पुरुषानें एकाच पटांत पति व पत्नी व्हावें, आणि प्रेक्षकांनीं तें गोड मानून घ्यावें, ही गोष्ट गोंधळ पाहत आलेल्या समाजाला मुळींच अवघड वाटली नसावी. खरा बदल झाला तो बोलपटांच्या काळांत, आणि त्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विष्णुपंत पागनीस.

पागनीस हे मूळचे रंगभूमीवरचे नट. तरुणपणीं त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या आणि पुढें ते भजनांत रमले. दामले व फत्तेलाल यांनीं १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनींत ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला आणि त्यांत पागनीस तुकाराम झाले. हा बोलपट मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत त्याचा गौरव झाला. पागनिसांची पुढील वाट मात्र यामुळें ठरून गेली. १९३९ सालीं ते ‘संत तुलसीदास’ झाले व १९४० सालीं ‘नरसी भगत’ झाले. १९४३ सालीं त्यांचें निधन झालें. एका संताच्या भूमिकेंतून ते बाहेर पडले ते दुसऱ्या संताच्या भूमिकेंत गेले. येथें भूमिका नटाला चिकटली, असें म्हणतां येईल. परंतु याहून मोठी गोष्ट उलट दिशेनें घडली. तुकोबांचें निर्विवाद समकालीन म्हणून मान्य झालेलें चित्र आपल्याजवळ नाहीं. सतराव्या शतकांतील देहूच्या या वाण्याचा चेहरा कसा होता, हें अभंगांवरून कळत नाहीं. महाराष्ट्राच्या स्मृतींत तुकोबांचे शब्द भरपूर होते, पण मुद्रेची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेंत पागनीस जाऊन बसले. दिनदर्शिकांवर, भजनी मंडळांच्या भिंतींवर, देवघरांतील तसबिरींत जे तुकोबा दिसतात, त्यांत पुष्कळदां पागनिसांचीच मुद्रा असते; आणि तिला हात जोडणाऱ्या बहुतेकांना पागनीस हें नांवहि ठाऊक नसतें. येथें नट भूमिकेला चिकटला, आणि चिकटतांना त्याचें स्वतःचें नांव पुसून गेलें.

यांत प्रेक्षकांची फसगत झाली असें म्हणावें काय? शाहू मोडक यांचें उदाहरण याच्या विरुद्ध आहे. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले मोडक १९३२ सालच्या ‘श्यामसुंदर’ बोलपटांत कृष्ण झाले आणि १९४० सालीं प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ बोलपटांत ज्ञानेश्वर झाले. पुढें कृष्णाची भूमिका तर त्यांनीं कितीदां तरी केली. त्यांचा जन्मधर्म कोणता, हें लोकांस माहीत होतें, आणि तरीहि त्यांच्या कृष्णाला लोकांनीं मनापासून आपलें मानलें. नट कोण आहे हें ठाऊक असूनहि त्याच्या ठिकाणीं देव पाहणें, या क्रियेला भोळेपणा हें नांव शोभत नाहीं. देवळांतील पाषाणाकडे पाहणारा भाविकहि तो पाषाण आहे हें जाणूनच हात जोडतो.

नट भूमिकेला चिकटला म्हणजे इतिहासाची हानि कशी होते, हें शिवछत्रपतींच्या चित्राच्या कथेवरून स्पष्ट होईल. विसाव्या शतकाच्या आरंभीं शिवाजीमहाराजांचें म्हणून जें चित्र सर्वत्र छापलें जाई, तें वस्तुतः इब्राहीमखान नांवाच्या दुसऱ्याच सरदाराचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं महाराजांचें अस्सल चित्र उजेडांत आणलें, तेव्हां कोठें ही चूक दुरुस्त झाली. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, दुरुस्ती होऊं शकली, कारण तुलनेला अस्सल चित्र होतें. त्यानंतर १९५२ सालीं भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपति शिवाजी’ चित्रपटांत चंद्रकांत मांढरे महाराज झाले, २००८ सालीं सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपति’ मालिकेंत डॉ. अमोल कोल्हे महाराज झाले. आणि दोघांवरहि लोकांनीं प्रेम केलें. तथापि महाराजांच्या तसबिरीची जागा या दोघांपैकीं कोणालाहि घेतां आली नाहीं. ती जागा आधींच भरलेली होती. तुकोबांच्या बाबतींत बेंद्र्यांसारख्या संशोधकाला पुढें ठेवण्यास तसें चित्रच नाहीं. त्यामुळें पागनिसांची मुद्रा तेथून हलविणें आतां कोणाच्याहि हातीं राहिलेलें नाहीं.

आतां दूरदर्शनकडे वळूं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा जो एक वर्षाचा प्रयोग झाला, त्यांत उमरगे तालुक्याला लागून असलेल्या कर्नाटकांतील गुलबर्गा जिल्ह्याचा समावेश होता. महाराष्ट्रांतील जिल्हे मात्र त्यांत नव्हते. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांनंतर देशभर लहान प्रक्षेपणकेंद्रें झपाट्यानें उभीं राहिलीं, आणि त्यानंतर मराठवाड्यांतील मध्यम वर्गाच्या घरांत ही पेटी हळूहळू शिरली. या पेटीनें नट व प्रेक्षक यांचें नातें दोन प्रकारांनीं बदललें. पहिलें असें कीं, नट घरीं येऊं लागला. आणि दुसरें असें कीं, तो दर आठवड्याला त्याच एका रूपांत येऊं लागला.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची गोष्ट या दृष्टीनें उद्बोधक आहे. मास्टर विनायक यांच्या १९४० सालच्या ‘लग्न पहावें करून’ या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग या जोडीनें चिमणराव-गुंड्याभाऊ रंगविले होते. त्या पिढीला ही जोडी अतिशय आवडली. परंतु १९७० नंतरच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि पुढच्या पिढीनें जुनी जोडी जणूं विसरूनच टाकली. या दोन जोड्यांतील फरक केवळ अभिनयाचा नाहीं. बोलपट मनुष्य एकदां पाहतो, फार तर दोनदां. मालिकेंतील मनुष्य शेजाऱ्यासारखा वरचेवर भेटतो. शेजाऱ्याला आपण ज्या नांवानें एकदां ओळखूं लागतों, तेंच पुढें कायम राहतें. या बंधनांतून प्रभावळकर सुटले, तेहि जुन्या रंगभूमीच्याच युक्तीनें. ‘चौकट राजा’, ‘झपाटलेला’ मधील तात्या विंचू, मालिकेंतील आबा टिपरे, आणि २००६ सालच्या हिंदी चित्रपटांतील महात्मा गांधी, अशीं एकमेकांशीं न जुळणारीं रूपें त्यांनीं घेतलीं. भूमिका अनेक झाल्या, आणि बालगंधर्वांप्रमाणें त्यांचेंहि नांव टिकलें.

ज्यांना ही संधि मिळाली नाहीं, त्यांची स्थिति निराळी झाली. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजीं सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. तिचे मूळचे ७८ भाग. रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत, स्नान करून मंडळी पेटीसमोर बसत, कित्येक घरीं पेटीला हार घालीत. अरुण गोविल हे त्यापूर्वीं हिंदी चित्रपटांत नायक म्हणून वावरलेले होते. १९७९ सालच्या ‘सावन को आने दो’ या चित्रपटानें त्यांना नांव दिलें होतें. रामाची भूमिका केल्यानंतर नेहमींचा नायक म्हणून त्यांना स्वीकारण्यास निर्मातेच कचरूं लागले. लोकांना राम व गोविल एकच वाटले म्हणून हें घडलें, असें नव्हे. तर दीड वर्षभर दर आठवड्याला त्यांना एकाच रूपांत पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरें रूप सहन होणार नाहीं, अशी धास्ती धंद्याला वाटली. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाहीं. हंगेरींत रंगभूमीवर निरनिराळ्या भूमिका केलेला बेला लुगोसी हा नट अमेरिकेंत ड्रॅक्युला या एकाच पात्राचा होऊन राहिला, आणि १९५६ सालीं त्याला मूठमाती दिली तीहि त्या पात्राच्या झग्यांतच.

प्रेक्षकाला भेद कळतो, याचा सर्वांत निर्णायक पुरावा मतपेटींत सांपडतो. १९९१ सालीं लोकसभेवर गुजराथेंतील बडोद्याहून दीपिका चिखलिया, म्हणजे मालिकेंतील सीता, निवडून आल्या. लोक सोंगालाच खरें मानतात, असें म्हणणाऱ्यास हें उदाहरण सोयीचें वाटेल. परंतु त्याच वर्षीं, त्याच प्रांतांतील साबरकांठा मतदारसंघांतून, त्याच पक्षातर्फे अरविंद त्रिवेदी, म्हणजे रावण, हेहि निवडून आले. रामाला पूजणाऱ्या लोकांनीं रावणाला मतें दिलीं! भूमिका व नट एकच मानणारा मतदार असें कधींहि करणार नाहीं. मतदारानें दिलें तें पूज्यतेला नव्हे, ओळखीला. ‘महाभारत’ मालिकेंतील कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ सालीं जमशेदपुराहून निवडून आले आणि १९९९ सालीं राजगढ येथें पराभूत झाले. महाराष्ट्रांत अमोल कोल्हे २०१९ व २०२४ सालीं शिरूरमधून निवडून आले. अरुण गोविल स्वतः २०२४ सालीं मेरठहून निवडून आले. ओळखीनें दार उघडतें, पण प्रत्येक वेळीं उघडतेंच असें नाहीं, हें राजगढच्या मतदारांनीं दाखविलें. ज्या समाजानें शतकानुशतकें बहुरूप्याला ओळखलें, त्यानें येथेंहि आपलें शहाणपण सोडलेलें नाहीं. ओळख म्हणजेच लायकी असें समजणें हा दोष अर्थातच उरतो. पण तो दोष राजकारणाचा आहे, प्रेक्षकाच्या दृष्टीचा नव्हे.

आतां धाराशिव जिल्ह्यांतील दोन उदाहरणें पाहूं. तेर हें प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या वस्तुसंग्रहालयांत सातवाहनकालीन मातीच्या मूर्ति आहेत. त्यांचीं मुखें, त्यांची केशरचना, त्यांच्या कानांतील भूषणें आपण आजहि पाहूं शकतों. नांव मात्र एकीचेंहि ठाऊक नाहीं. त्याच गांवांत गोरोबाकाकांची समाधि आहे. त्यांचें नांव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण चेहरा कोणालाहि ठाऊक नाहीं. अशी रिकामी जागा सांपडतांच पडदा ती भरूं पाहतो. १९४८ सालीं ‘चक्रधारी’ या तमिळ बोलपटांत नागय्या गोरोबा झाले. त्यापूर्वीं पोतना, वेमना आणि त्यागय्या यांच्या भूमिका केलेला हा नट म्हणजे दक्षिणेंतील पागनीसच होय. १९७४ सालीं कन्नडमधील ‘भक्त कुंबार’ चित्रपटांत राजकुमार गोरोबा झाले आणि १९७७ सालीं तेलुगूमधील ‘चक्रधारी’ चित्रपटांत अक्किनेनी नागेश्वरराव. मराठी रंगभूमीवरहि अशोकजी परांजपे यांच्या नाटकानें गोरोबांना आणलें. परिणाम असा झाला कीं, तेरच्या कुंभाराला सीमेपलीकडे भाषागणिक निराळी मुद्रा मिळाली. मराठी मनांत मात्र पागनिसांच्या तुकोबाइतकी पक्की अशी एकहि मुद्रा ठसली नाहीं. यांत खंत मानण्याचें कारण नाहीं. पायाखालीं चिखल तुडवीत नामस्मरणांत बुडालेले गोरोबा येथील माणूस अजून आपल्या गांवच्या कुंभाराच्या रूपांतच पाहूं शकतो.

दुसरें उदाहरण तुळजापूरचें. २०२४ सालीं कलर्स मराठी वाहिनीवर ‘आई तुळजाभवानी’ ही मालिका सुरू झाली. तींत भवानी चालते, बोलते, रागावते. परंतु तुळजापुरास भवानीची जागा रिकामी नाहीं. तेथें अष्टभुजा महिषासुरमर्दिनी सिंहासनावर उभी आहे. निद्राकाळीं तिला पलंगावर नेतात, पुन्हां सिंहासनावर आणतात. तिला स्नान आहे, वस्त्र आहे, नैवेद्य आहे. ज्यांनीं ती मुद्रा गाभाऱ्यांत पाहिली आहे, त्यांच्या देवघरांतील टांक किंवा तसबीर मालिकेमुळें बदलण्याचा संभव नाहीं. मालिकेंतील अभिनेत्रीला लोक देवी म्हणतील, कदाचित् वाकून नमस्कारहि करतील. पण देवीला त्या अभिनेत्रीचा चेहरा देणार नाहींत. भूमिका नटाला चिकटेल. नट भूमिकेला चिकटणार नाहीं.

सारांश, या दोन प्रकारांचीं कारणें अशीं दिसतात. एकाच रूपाची पुनरावृत्ति झाली म्हणजे भूमिका नटाला धरून ठेवते, आणि त्यावर उपाय नटाच्या व निर्मात्यांच्या हातीं आहे. स्मृतींत मुद्रेची जागा रिकामी असली म्हणजे नट भूमिकेला धरून बसतो, आणि त्यावरील उपाय शिक्षकांच्या, प्रकाशकांच्या व घरांतील वडील माणसांच्या हातीं आहे. २०२० च्या टाळेबंदींत, २८ मार्चपासून, ‘रामायण’ पुन्हां दाखविण्यांत आलें, तेव्हां आजोबांनीं व नातवांनीं तें शेजारीं बसून पाहिलें. नातवाच्या दृष्टीनें त्यांतील मंडळी कोणी तरी अनोळखी नट होते; आजोबांच्या दृष्टीनें तीं जुनीं ओळखीचीं माणसें होतीं. अशा वेळीं आजोबांनीं नटाचें नांव सांगितलें, तर नातवाला नट व राम दोघेहि आपापल्या जागीं मिळतात. तीच गोष्ट तुकोबांच्या तसबिरीची. ती देवघरांतून काढण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु शाळेच्या भिंतीवर, पुस्तकांत किंवा दिनदर्शिकेवर ती मुद्रा छापतांना खालीं एक ओळ घालावी: ही मुद्रा विष्णुपंत पागनीस यांची, ‘संत तुकाराम’ बोलपट, १९३६. इतक्यानें भक्तीला कांहीं उणेपणा येत नाहीं, इतिहासाला त्याचें देणें मिळतें, आणि ज्याच्या मुद्रेला आपण इतकीं वर्षें हात जोडले त्या नटाचें नांवहि मुलांच्या कानीं पडतें.